पाट आणि ग्राउंड क्लिअरन्स

माझ्या ऑकलंडमधल्या पहिल्या घरमालकांचे पाय जमिनीला टेकत नसत. हे मी अलंकारिक बोलत नाही. ते मोटरसायकलवर बसले की त्यांचा डावा बूट आणि न्यूझीलंड हा देश यांच्यामध्ये चार बोटांची फट राहायची. उजव्या बुटाखालीही तेवढीच राहत असणार, पण उजव्या पायाला ब्रेकचं काम असल्यामुळे त्याने कधी तक्रार केली नाही.

गृहस्थ पुण्याचे. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. पेनरोजच्या एका अवाढव्य शीतगृहात गोठवलेले वाटाणे इकडून तिकडे नेणारे पट्टे चालू ठेवणं हे त्यांचं काम. देहयष्टी आटोपशीर, नाक भव्य, मिशी त्याहून भव्य, आणि आवाज असा की हिल्सबरोच्या चढावर उभं राहून त्यांनी नुसतं दुधाबद्दल विचारलं तरी खालच्या खाडीतले पक्षी उडायचे.

मी त्यांच्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. बायको आणि मुलगी पुण्यात व्हिसाची वाट बघत होत्या आणि मी इथे शहरातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून त्या दोघींची. जायला-यायला मी एक जुनी रोड बाइक घेतली होती. साधी, बुटकी, दोन चाकं, एक दिवा, एक साखळी आणि अंगभूत नम्रपणा. सामान घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी आधी माझ्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा गाडीकडे. डॉक्टर एक्स-रे बघतात तसं.

"ही कशासाठी?"

मी म्हटलं, रोज ऑफिसला जायला.

"आणि रस्ता नसला तर?"

मी मागे वळून रस्ता आहे का ते पाहिलं. होता. काळाभोर, गुळगुळीत, पांढरे पट्टे नुकतेच रंगवलेले. मी तसं सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी त्यांना पायरीवर उभं राहावं लागलं, पण ठेवला. "आज आहे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्या घरात 'रोडवाले' झालो. मी त्यांना मालक म्हणायचो, आणि ते त्यांना आवडायचं.

मालकांच्या विचारसरणीचा पाया पुण्यात घातला गेला होता. तरुणपणी ते रोज ज्या रस्त्याने कारखान्यात जात, तो रस्ता एका सकाळी नव्हता. आदल्या संध्याकाळी होता, सकाळी खंदक. कोणी पाण्यासाठी खणला, कोणी केबलसाठी, आणि बुजवताना मात्र कोणीच आलं नाही. या अनुभवाने त्यांच्या मनावर असा काही परिणाम केला की डांबरावरचा विश्वास कायमचा उडाला. ते म्हणत, रस्ता हा एक अंदाज आहे. ऑकलंडला येऊन किती वर्षं झाली, डांबर जागच्या जागी राहिलं, तरी ते म्हणत, आपण गाफील व्हावं म्हणून थांबलंय.

म्हणून त्यांनी अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल घेतली. वाळवंटं ओलांडायला आणि नद्या तुडवायला बनवलेली ती गाडी त्यांनी हिल्सबरो ते पेनरोज या पाव तासाच्या प्रवासासाठी घेतली. मी एकदा विचारलं की ही जाहिरातीत डोंगरावर दिसते, तुम्ही कधी डोंगरात नेलीत का. ते दुखावले. डोंगरात न्यायची तर रोड बाइक न्यावी, असं त्यांचं मत. डोंगरात माणूस सावध असतो, हळू जातो, देवाचं नाव घेतो. खरा धोका रोजच्या रस्त्यावर, कारण तिथे माणूस जेवणाच्या डब्याचा विचार करत असतो. म्हणून रोजच्यासाठी अ‍ॅडव्हेंचर आणि सहलीसाठी रोड. मी या युक्तिवादातली चूक अजून शोधतोय.

गाडीचं वर्णन करायचं तर आधी दोन पावलं मागे जावं लागतं. पुढे उंच काच, तिच्याखाली दोन धुक्याचे दिवे, इंजिनाभोवती लोखंडी कठडा आणि दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पेट्या. डाव्या पेटीत गाडी ओढायचा दोर, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, क्लचची जादा तार, कंदील. उजव्या पेटीत पोळी-भाजीचा डबा. टायर खाचखळग्यांचे, जाडजूड. डांबरावर त्यांचा असा आवाज यायचा की चढावरून गाडी येताना वाटावं, कोणीतरी पिठाची गिरणी चालू ठेवून ढकलत आणतंय.

त्या पेट्यांमुळे गाडीची रुंदी छोट्या मोटारीएवढी झाली होती. ट्रॅफिक तुंबला की मी माझ्या बुटक्या गाडीवरून हळूच कडेने पुढे सटकायचो आणि मालक मोटारींच्या रांगेत हत्तीसारखे उभे असायचे. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट, पुढे जाऊन करणार काय, असं ते विचारत, तिकडे ऑफिसच आहे. एका शनिवारी ते कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले. गाड्या घुसवून चोऱ्या करणाऱ्यांना अडवायला दुकानापुढे लोखंडी खांब रोवलेले होते, त्यातल्या दोन खांबांमध्ये पेट्या बरोब्बर बसल्या. पुढेही जाईना, मागेही येईना. उतरावं तर पाय पोचेना. शेवटी दुकानदार गुजराती काका दूध घेऊन बाहेर आले, जागेवर पैसे घेतले आणि आत जाऊन पुन्हा गिऱ्हाइकं बघू लागले. मी आणि आणखी दोघांनी ओढून काढलं तेव्हा मालक म्हणाले, "पाहिलंत? रोड बाइक असती तर सरळ दुकानात घुसली असती."

आता पायांकडे येतो. कोणीही शहाणा माणूस म्हणेल, उंची कमी असेल तर सीट खाली करून घ्यावी. मीही म्हटलं. गाडीची सर्व्हिसिंग करणारा मेकॅनिकही म्हणाला की सस्पेन्शन खाली करून देतो, तासाभराचं काम आहे. मालक त्याच्याकडे असे पाहत राहिले जणू त्याने त्यांच्या वडिलांची मिशी काढायचा प्रस्ताव मांडलाय. ग्राउंड क्लिअरन्स! हा शब्द ते पुण्यातले लोक 'सोवळं' म्हणतात तसा म्हणायचे. जमीन आणि इंजिनाचं पोट यांच्यातल्या त्या पवित्र अंतरातला एक मिलिमीटरही ते सोडणार नव्हते. घरी येऊन त्यांनी मला निर्णय सांगितला. "गाडी खाली आणायची नाही. जमीन वर आणायची."

आणि त्यांनी खरोखर जमीन वर आणली. पुण्याहून जहाजाने सामान आलं होतं त्यात जेवणाचे पाट होते, सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेले. वहिनींनी, म्हणजे मालकांच्या पत्नीने, पूजेच्या पाटाला हात लावलात तर बघा असं बजावल्यावर त्यांनी जेवणाचा एक उचलला. उंची मोजली, बरोब्बर चार बोटं. कडेला भोक पाडलं, नायलॉनची दोरी ओवली, दोरीचं दुसरं टोक हँडलला बांधलं आणि इंजिनाच्या कठड्यावर पाट अडकवायला एक आकडा लावला.

ती क्रिया मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा सिग्नलला त्यांच्या मागेच होतो. लाल दिवा लागला. मालकांनी वेग कमी केला, डाव्या हाताने आकड्यावरून पाट सोडवला आणि गाडी थांबायच्या क्षणी रस्त्यावर टाकला. थाप. त्यावर डावा बूट. मान ताठ. चौरंगावर उभ्या केलेल्या मूर्तीसारखे ते सिग्नलभर उभे. हिरवा दिवा लागल्यावर पाय वर, दोरीला हिसका, पाट आकड्यावर, गाडी पुढे. विहिरीतून बादली काढण्याइतकी सफाई होती त्यात. मागे चार मोटारी आणि एक बस थांबली होती. ऑकलंडमध्ये हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी देणं, त्यामुळे सगळे गप्प बसून बघत होते.

पोलिसाने अडवायला फार दिवस लागले नाहीत. हे काय आहे, एवढंच त्याने विचारलं. मालकांनी हेल्मेट काढून इंग्रजीत पाटाचा सांस्कृतिक इतिहास सांगायला घेतला. यावर आमच्याकडे नवरदेव बसतो, देव बसतात, भाऊबीजेला भाऊ बसतो. पोलिसाने शांतपणे ऐकून घेतलं, दोरी ओढून पाहिली, ती पक्की आहे ना आणि पाट चालत्या गाडीतून लोंबकळत नाही ना याची खात्री केली आणि दिवस चांगला जावो म्हणून निघून गेला. संध्याकाळी मालकांनी मला वर चहाला बोलावून जाहीर केलं की सरकारी मान्यता मिळाली.

रस्त्याचं खोदकाम हा त्यांचा सण. ऑकलंडमध्ये नारिंगी शंकू मांडून कुठे ना कुठे काहीतरी खणत असतातच. बाकी जनता अशा वेळी दुसरा रस्ता शोधते. मालक सकाळी चहा पिताना फोनवर बघून ठेवायचे की आज कुठे खणलंय, आणि तिकडून जायचे. पन्नास पावलांची खडी मिळावी म्हणून मैलभर वळसा. तिथे 'थांबा'ची पाटी फिरवणारा एक दांडगा माओरी गृहस्थ त्यांचा मित्र झाला होता. तो लांबूनच रामराम घालावा तसा ओरडायचा, "किया ओरा, एव्हरेस्ट!" आणि पाट पडला की "स्वीट अ‍ॅज", म्हणजे झकास, म्हणून अंगठा दाखवायचा. मग खडीवरून मालक उभे राहून गाडी चालवत. त्या पन्नास पावलांत त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते मी लग्नमंडपातही फार जणांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि वहिनींना पेनरोजला नोकरी लागली.

वहिनी मूळच्या सांगलीकडच्या, पुण्यात कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेल्या, मालकांपेक्षा चांगल्या वीतभर उंच आणि बोलायला त्याच मापाने कमी. नोकरी एका बिस्किटांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत. कारखाना मालकांच्या शीतगृहापासून हाकेच्या अंतरावर. घरची मोटार मुलगी हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीत घेऊन गेलेली. म्हणजे वहिनींना रोज दोन बस बदलायच्या, आणि दुसरी बस पहिलीची वाट बघत नसे.

पुण्यात ही दोघं रोज एका स्कूटरवरून जात. वाटेत तिला कॉलेजला सोडायचं, मग कारखाना. मालक एकदा चहा पिताना म्हणाले की सगळं बोलणं आमचं स्कूटरवरच व्हायचं. घरी आई-वडील, पाहुणे, मूल. मुलीचं नावसुद्धा आम्ही स्कूटरवर ठरवलं. इथे आल्यावर तिची बस वेगळी, माझी गाडी वेगळी. आता घरात दोघंच आहोत, पण घरात बोलायची सवयच नाही. मग त्यांनी चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून आत पडलं आणि त्यांनी पुन्हा ग्राउंड क्लिअरन्सचा विषय काढला.

तेव्हा वहिनींनी मागे बसून यावं ही मालकांची इच्छा मोठी होती. वहिनींचीही होती, पण त्यांनी अट घातली. ह्या तुमच्या उंटावर मी आंधळेपणाने बसणार नाही. एक दिवस रोडवाल्यांच्या गाडीवर जाऊ, एक दिवस तुमच्या. कामाचाच दिवस, येताना भाजी घ्यायची, दूध घ्यायचं, सगळं नेहमीचं. मला जी पटेल ती गाडी या घरात राहील. रोडवाल्यांची पटली तर उंट विकायचा आणि तसलीच एक बुटकी आणायची. मालकांनी मान्य केलं, कारण वहिनी असं काही बोलल्या की मान्य करायचं असतं एवढं त्यांना माहीत होतं. पण त्यांचा चेहरा उतरला. दोन दिवस त्यांनी गाडी धुतली, साखळीला तेल दिलं, पेट्या पुसल्या. परीक्षेला मुलगा पाठवायचा असल्यासारखे ते तिच्याभोवती घुटमळत होते.

मीही गप्प बसलो नाही. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर मी मऊ उशी बांधली. घंटीला लाल गोंडा लावायचाही विचार होता, पण मोटरसायकलला घंटी नसते हे वेळेवर लक्षात आलं.

सोमवारी माझी गाडी. मालक पुढे, वहिनी मागे, मी बसने. संध्याकाळी मी घाईघाईने वर गेलो तर मालक सोफ्यावर बसलेले, हेल्मेट मांडीवर. कसं झालं विचारलं.

"काहीच झालं नाही हो," ते म्हणाले. आवाजात दुखवटा होता.

निघाले, पोचले. सिग्नलला दोन्ही पाय टेकले. मोटारींच्या कडेने पुढे आले. भाजीच्या दुकानात गाडी दाराशी लागली. पाटीवाल्या मित्राने त्यांना ओळखलंच नाही, इतर लोकांना दाखवतो तशीच पाटी दाखवली. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या की छान आहे गाडी, लवकर पोचलो. फक्त माझे गुडघे ह्यांच्या काखेत होते. हे ऐकून मालकांच्या मिशीत किंचित धुगधुगी आली.

मंगळवारी उंट. पंच म्हणून मी माझ्या गाडीवरून मागे जायचं ठरलं. मालक पूर्ण पोशाखात: गुडघ्यांना ढाली, कोपरांना ढाली, छातीवर कवच. वहिनी सलवार-कमीज, जाकीट आणि कारखान्याचे लोखंडी टोकाचे बूट. मालक घराच्या पायरीवरून चढले. वहिनींसाठी खास दुसरा पाट मांडला होता, पण त्यांनी त्याच्याकडे न बघता रिकिबीत पाय ठेवला आणि मागे बसल्या.

आणि आता पाटाचं खातं वहिनींकडे देण्यात आलं. दोरी हँडलवरून सोडून त्यांच्या हातात. मालक म्हणणार "टाक", की टाकायचा. म्हणणार "उचल", की ओढायचा. पहिल्या सिग्नलला पाट थोडा लांब पडला. दुसऱ्याला बरोबर बुटाखाली. तिसऱ्याला मालकांनी तोंड उघडायच्या आत. मागून बघताना मला मान्य करावं लागलं की हे दृश्य भव्य आहे. ओनेहंगाजवळ खोदकाम होतं, तिकडून जायची काही गरज नव्हती, गेलो. पाटीवाला मित्र मागे वहिनींना बघून इतका हरखला की त्याने दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवून यांना सोडलं. खडीवर मालक सवयीने उभे राहिले. वहिनी बसूनच होत्या. त्यांचा चेहरा हेल्मेटमध्ये, त्यामुळे पंचाला काही कळलं नाही.

पेनरोजला शिरताना मोठा चौक लागतो. डावी मार्गिका शंकू लावून बंद, म्हणून मधल्या मार्गिकेत थांबलो. शेजारी पावाचा ट्रक, मागे बस. पाट पडला, बूट पडला, सगळं व्यवस्थित. मालकांना यशाची झिंग चढली होती. त्यांनी मागे मान वळवून मला विचारलं की बघितलंत का, रोडवाले. मी काही उत्तर देणार तेवढ्यात दिवा हिरवा झाला. समोरची मोटार अजून हलली नव्हती. मालकांचं तोंड माझ्याकडे होतं. वहिनींनी हिरवा दिवा पाहिला आणि नेमून दिलेलं काम चोख केलं. पाट उचलला.

एवढी मोठी मोटरसायकल पडते तेव्हा ती कोसळत नाही. ती विचार करत करत आडवी होते. मालकांचा डावा पाय हवेत जमीन शोधत होता, आणि न्यूझीलंड जिथल्या तिथे, चार बोटं खाली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा वहिनी डाव्या बाजूला रस्त्यावर उभ्या होत्या, पेटीला खांदा लावून. गाडी अर्धी कललेली आणि थांबलेली. पाट हातातून सुटून दोरीसकट पावाच्या ट्रकखाली गेलेला.

"उतरा," वहिनी म्हणाल्या.

मालक उजवीकडून घसरगुंडीवरून उतरल्यासारखे उतरले. वहिनींनी गाडी सरळ केली. तोवर दिवा पुन्हा लाल झाला होता. मालकांचा पहिला विचार पाटाचा. ते ट्रकच्या दिशेने वाकले. पावाचा ट्रकवाला आपण होऊन खाली उतरला, गुडघ्यावर बसला, पाट ओढून काढला, बाहीने पुसला आणि दोन्ही हातांनी मालकांना दिला. मालक तो घेऊन वळले, तेवढ्यात दिवा हिरवा झाला. पाट पाय टेकायला पुरायचा, चढायला नाही. आता ते चढणार कशावरून? कडेचा फूटपाथ शंकूंपलीकडे, मागे बस.

वहिनींनी मागे बसकडे पाहिलं. मग ओढणी गळ्याभोवती बांधली, पाय टाकून पुढच्या सीटवर बसल्या, दोन्ही टाचा जमिनीवर सपाट टेकवल्या, क्लच दाबला, गिअर टाकला आणि निघून गेल्या.

मालक चौकाच्या मधोमध. छातीवर कवच, काखेत पाट. मग धावत सुटले. मागे मी, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून, माझ्यामागे पावाचा ट्रक, त्यामागे बस. कोणीच त्यांना ओलांडून पुढे जाईना. वाजंत्री तेवढी नव्हती.

पुढे पेट्रोल पंपावर वहिनींनी गाडी स्टँडवर लावली होती आणि हेल्मेटची काच वर करून उभ्या होत्या. मालक पोचले. श्वास लागला होता, तरी प्रश्न महत्त्वाचा होता.

"तुला येते?"

"हो."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. बाबांचा हात मोडला होता तेव्हा."

वहिनींचे वडील गुरांचे डॉक्टर. उसाच्या फडांतून, ओढ्यांतून गावोगाव जायचे. हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा पावसाळाभर ही मुलगी त्यांची मोटरसायकल चालवायची आणि ते मागे बॅग घेऊन बसायचे. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही गाडीबद्दल बोलत होता."

मालकांनी पाटाची दोरी मनगटाभोवती गुंडाळून घेतली. मोटरसायकलचं लायसन्स वहिनींकडे नव्हतं, त्यामुळे पंपाच्या ओट्यावरून मालक पुन्हा चढले, वहिनी मागे बसल्या आणि दोघं कामावर गेले.

संध्याकाळी निकाल लागला. उंट राहील. मालकांनी डोळे मिटून आभार मानले, कोणाचे ते सांगता येत नाही. पण वहिनींचं वाक्य अजून पुढे होतं. उंट राहील आणि मी चालवीन. मागे बसून मला पुढचं दिसत नाही, तुमचं बोलणं वाऱ्यात उडून जातं आणि पाटाचं खातं मला नको.

दुसऱ्या दिवशी चौकशी करून मालक आले ते खचून. वहिनींना आधी शिकाऊ लायसन्स घ्यायचं होतं, आणि शिकाऊ लायसन्सला ठरावीक गाड्याच चालतात. मला वाटलं, एवढा हत्ती शिकाऊ माणसाला कसा देतील, म्हणून खचले असतील. तसं नव्हतं. तो हत्ती चालत होता. दिसायला कितीही अक्राळविक्राळ असला तरी आतलं इंजिन बेताचं होतं आणि नवशिक्यांना सुरक्षित म्हणून सरकारनेच मंजूर केलेलं होतं. वाळवंटं ओलांडणारी त्यांची गाडी नवशिक्यांच्या वर्गात बसली, हे त्यांना पोलिसाने पकडण्यापेक्षा, चौकात पडण्यापेक्षा, मागे बसावं लागण्याच्या कल्पनेपेक्षाही लागलं. आणि त्यातून दुसरी गोम निघाली. शिकाऊ लायसन्सवर मागे कोणाला बसवता येत नाही. त्याच्या पुढच्या लायसन्सवरही नाही. पूर्ण लायसन्स मिळेपर्यंत बराच काळ जातो.

म्हणजे एकत्र जाण्यासाठी सुरू झालेल्या या सगळ्या उपद्व्यापाचा शेवट असा झाला की वहिनी मोटरसायकलवर आणि मालक दोन बस बदलून. काही आठवडे तसंच चाललं. सकाळी गिरणीचा आवाज चढावरून खाली जायचा आणि मग मालक मिशी खाली सोडून डबा हातात घेऊन बसस्टॉपकडे. मला ते बघवत नसे.

त्याच सुमारास माझ्या बायको-मुलीचा व्हिसा आला. तिघांना मोटार लागणार होती. गाडी विकायची आहे असं मी कोणाशी बोललो नव्हतो, पण एका रविवारी खालच्या गॅरेजमध्ये काही आवाज आला म्हणून डोकावलो. मालक माझ्या रोड बाइकवर बसले होते. कोणी बघत नाही याची खात्री करून त्यांनी दोन्ही पाय खाली सोडले. पूर्ण टेकले, टाचांसकट. ते तसेच कितीतरी वेळ बसून राहिले, मधूनच पाय आपटून बघत. मी आवाज न करता वर गेलो आणि चावी त्यांच्या दाराच्या हुकाला लावून आलो.

त्यांनी मतं बदलली असतील असं वाटत असेल तर ते विसरा. रोड बाइक ही रोजच्या कामाची गाडी नव्हेच, असं ते रोज तिच्यावर बसून सांगतात.

आम्ही आता जवळच दुसरं घर घेतलंय. सकाळी मुलीला शाळेत सोडताना कधीकधी माझी मोटार त्या दोघांच्या मागे येते. वहिनी उंच गाडीवर, मागे पिवळी शिकाऊ पाटी, टाचा जमिनीवर. शेजारी खाली मालक, माझ्या जुन्या गाडीवर, मान वर करून. लाल दिवा लागला की त्यांचं बोलणं सुरू होतं. तिचं मुलीबद्दल, त्यांचं पट्ट्यावर अडकलेल्या वाटाण्यांबद्दल, काहीही. आवाज मोठा, काच खाली केली की मला सगळं ऐकू येतं. माझी मुलगी मागच्या सीटवरून विचारते, "व्हाय आर दे शाउटिंग?" दिवा हिरवा होतो. मालक वाक्याच्या मध्यावर असतात. वहिनी निघून जातात, मालक तोंड मिटतात आणि निघतात. पुढच्या सिग्नलला ते शेजारी जाऊन थांबतात, मान वर करतात आणि तेच वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू करतात. हिल्सबरोला सुरू झालेलं एखादं वाक्य पेनरोजला पोचेपर्यंत संपत नाही. मग कारखान्याच्या फाटकाशी दोघं गाड्या बंद करून ते संपवत उभे असतात, आणि दोघांनाही कामाला उशीर होतो.